ओकुतानीची आठ माणसं

ओकुतानीच्या शाळेतलं शेवटचं मूल सहावी पास होऊन डोंगर उतरलं, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. तरी शाळेची घंटा वाजायची. सकाळी आठ चाळीसला वाजायची, मधल्या सुट्टीला वाजायची, आणि चार वाजता तर अशी लांबलचक वाजायची की रिकाम्या वर्गांनाही दप्तर भरावंसं वाटावं. ती बंद करायची कळ कुठल्या कपाटात आहे हे ठाऊक असलेला शिपाईही त्या मुलापाठोपाठ डोंगर उतरला होता.

या शाळेत, मुख्याध्यापकांच्या खोलीत, रॉकेलच्या शेगडीला गुडघे लावून प्रणिता मगदूम बसलेली असे. वय एक्कावन्न, गाव इचलकरंजी. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती जपानमधल्या या डोंगरी वस्तीत आली तेव्हा बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकला होता.

"म्हणजे नेमकं करतीस काय तिकडं?" आईनं फोनवर विचारलं.

"पावलं ऐकते."

"कुणाची?"

"म्हाताऱ्या माणसांची. कोण चाललं, कोण पडलं, कोण चालायचं थांबलं."

आई म्हणाली, "मी बी चालतो की रोज. जिन्यावरनं दोनदा वर, दोनदा खाली. ती पावलं ऐकायचा पगार कुणी दिला न्हाई म्हणून ऱ्हायलं वाटतं तुझं."

प्रणितानं शेगडीची वात बारीक केली, पुन्हा मोठी केली, आणि "आवाज तुटतोय गं आई" म्हणून फोन ठेवला. आवाज मुळीच तुटत नव्हता. ओकुतानीत इंटरनेटची जी लाइन होती, तिच्याइतकी जोरदार लाइन इचलकरंजीत अख्ख्या गल्लीला मिळून नव्हती.

पंचवीस वर्षांपूर्वी, तरुण मंडळींनी गाव सोडू नये म्हणून सरकारनं डोंगर खणून काचेच्या तंतूची केबल इथल्या प्रत्येक अंगणापर्यंत आणली. तरुण मंडळींनी त्या केबलवरून शहरातल्या नोकऱ्या शोधल्या आणि ती निघून गेली. केबल राहिली. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की बोलायला माणसं नसतील तर या केबलला ऐकायला लावावं.

तंतू केसाएवढा असतो. त्यातून प्रकाशाची ठिणगी सोडली की ती पुढे पळते. पण काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीक खोट राहतेच, आणि त्या प्रत्येक खोटीवरून थोडा प्रकाश मागे उलटतो. वर कुणी पाऊल टाकलं की माती किंचित दबते, तंतू किंचित ताणला जातो, आणि नेमका त्या जागेवरून उलटणारा प्रकाश आपला ताल चुकवतो. हा फरक मोजता आला की दर दोन हातांवर जमिनीत एकेक कान पुरल्यासारखं होतं. कॅमेरा नको, मनगटाला पट्टा नको. पाऊल किती जड, टाच आणि चवडा टेकण्यात किती वेळ गेला, डाव्याउजव्याचा ताल काय, एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. ओकुतानीत तीन वर्षांपूर्वी हे यंत्र बसवलं तेव्हा त्याला आठ रहिवाशांची नावं आणि घरं सांगितली, आणि चाळीस दिवस नुसतं ऐकत ठेवलं. तेवढ्यात ते आठ जणांच्या चाली शिकलं. कुणी पडलं तर ते लगेच त्याच्या नातेवाइकाला कळवायचं. कुणी सलग तीन दिवस अंगणात पाऊलच टाकलं नाही, तरी कळवायचं.

आणि ते मोजायचं. देशात माणसं कमी आणि डोंगर जास्त झाल्यावर एक नियम निघाला होता. जिथे निदान सात माणसं चालताहेत तिथला रस्ता बर्फातून मोकळा ठेवायचा, वीज-पाणी चालू ठेवायचं, गुरुवारी दुकानाची गाडी पाठवायची. साताच्या खाली आकडा गेला की वस्ती मिटायची. पुस्तक मिटतात तशी अलगद. उरलेल्यांना खालच्या शहरात सातव्या मजल्यावर उबदार खोल्या, लिफ्ट, नर्स, सगळं तयार. वर्षाचा आकडा एकतीस मार्चला संध्याकाळी पाचच्या आत खाली कचेरीत कळवायचा, आणि त्याखाली, तिथे तीन आठवडे तरी राहिलेल्या एका जिवंत माणसानं सही करायची. ते जिवंत माणूस म्हणजे प्रणिता.

पडद्यावर आकडा होता आठ.

त्यातली तीन माणसं तिनं पाहिली होती. एक त्सुदा-सान (इथलं 'सान' म्हणजे आपलं 'जी'), निवृत्त पोस्टमन, वय पंचाहत्तर, म्हणजे वस्तीतले सगळ्यांत तरुण गृहस्थ. दुसरी त्यांची बायको. तिसरी किनुए ओचिआई, सत्त्याऐंशी वर्षांची, कमरेत काटकोनात वाकलेली, आणि वाकूनही भरभर चालणारी. ही किनुए प्रणिताला 'सेन्सेई' म्हणायची, म्हणजे आपल्याकडे शाळेतल्या बाईंना 'बाई' म्हणतात तसं. शाळेत बसते ती बाई, एवढा साधा तिचा विचार. उरलेले पाच जण लाजाळू असतील असं प्रणितानं धरून चाललं होतं. कमरेएवढ्या बर्फात परक्या बाईला भेटायला कोण येतंय?

फक्त नोगुची नवरा-बायकोबद्दल तिनं वहीत लिहून ठेवलं होतं. एक दिवस तो अंगणात यायचा, दुसऱ्या दिवशी ती. दोघं बरोबर कधीच नाहीत. 'भांडण असावं,' असं तिनं लिहिलं आणि पुढे, आपलं वय आठवून, 'जुनं.'

प्रणिताच्या वडिलांचे सहा यंत्रमाग होते. घर मागच्या शेडला लागून. वडील जेवता जेवता घास हातात धरून म्हणायचे, "तीन नंबरचा धोटा अडखळतोय," आणि उठून जायचे, आणि खरंच अडखळत असायचा. तो कान लेकीला मिळाला होता. भावाला माग मिळाले. त्यानं ते विकले. कान विकता येत नाही म्हणून प्रणिता तो घेऊन देशोदेशी हिंडत होती.

बारा तारखेला दुपारी, करमेना म्हणून, तिनं आदल्या दोन दिवसांची सगळी पावलं वीसपट वेगानं आवाजात बदलून लावली. खोलीत वडिलांची मागांची शेड उभी राहिली. खडखड, खडखड. ती डोळे मिटून ऐकत बसली आणि चौथ्या मिनिटाला तिनं डोळे उघडले.

आठांपैकी सहा चालींत एकच अडखळ होती. डावा पाय टेकायचा, क्षणभर थांबायचा, जमिनीला विचारून घेतल्यासारखा, आणि मग वजन टाकायचा. एका चालीत जड बूट फरफटत होते, एकीत लाकडी टाच वाजत होती, एकीत चामडं चुरचुरत होतं. पण खाली अडखळ तीच. तिनं वेळा लावून पाहिल्या. त्या सहांतली कुठलीही दोन माणसं एका वेळी चालत नव्हती. एक थांबलं की दुसरं निघायचं. सहा माग होते आणि त्यांच्यामधून फिरणारा कामगार एकच होता.

यंत्राला आठ नावं दिली होती. त्यानं आठ माणसं शोधून दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला ती ओकाबे नावाच्या गृहस्थांच्या घरी गेली. पुढचं दार उघडंच होतं. दाराशी, जपानी घरात असते तशी, पायताणं काढायची खोलगट जागा. तिथे किनुएचे इवलेसे रबरी बूट टाचा आत, चवडे बाहेर असे नीट लावलेले.

"कोण आहे?"

"मी आहे, शाळेतली."

"अरे बाई! या, या. ओकाबे-सान जरा खाली गेलेत. बसा ना. चहा करते, त्यांच्याकडे चांगला चहा असतो."

"खाली म्हणजे?"

"शहरात. मुलाकडे."

"कधी गेले?"

किनुएनं बोटं मोजली. "या पावसाळ्यात चार वर्षं होतील."

ती प्रत्येक खोलीच्या झडपा उघडत होती. बंद घर श्वास कोंडून सडतं, असं तिचं म्हणणं. नळ सोडून पाहिला, गोठलेला नव्हता. देवघरातल्या तसबिरीवरची धूळ पदरानं नव्हे, खास त्यासाठी ठेवलेल्या फडक्यानं पुसली. मग मागच्या ओसरीवर आली. बाहेर उतरायच्या दगडावर ओकाबेंचे भलेमोठे गमबूट ठेवलेले होते. किनुएनं त्यात पाय घातले. गुडघ्याच्या वर आले ते. ती फरफटत अंगणात उतरली, फावड्यानं वळचणीखालचा बर्फ बाजूला करू लागली.

"तुमचे बूट का घालत नाही?" प्रणितानं विचारलं.

"ते पुढच्या दाराशी आहेत ना."

"मग इकडे आणायचे."

किनुए थांबली. बाईंनी काहीतरी फारच अडाणी विचारलं, पण त्या परदेशी आहेत, असं तिच्या चेहऱ्यावर उमटलं. "हातात बूट घेऊन दुसऱ्याच्या चटईवरून चालायचं? आणि मागच्या दाराशी घरवाल्याचे बूट ठेवलेले असताना? त्यांना काय वाटेल?"

"त्यांना कसं कळणार?"

"बुटांना कळेल," किनुए म्हणाली आणि आपल्याच बोलण्याला हसली.

तिथून मित्सुचं घर. मित्सु तिची बालपणची मैत्रीण, जरा खाली गेलेली, तीन वर्षं. तिच्या मागच्या दगडावर लाकडी तळाच्या सपाता. मग सेकिने मास्तरांचे चामडी जोडे. मग नोगुचींचं घर, तिथे दगडावर दोन जोड.

"एक दिवस त्यांचे घालते, एक दिवस तिचे," किनुए म्हणाली. "नाहीतर एकाला वाईट वाटायचं."

प्रणितानं संध्याकाळी वहीतला 'जुनं' हा शब्द खोडला.

सगळं उघड होतं. लोक आजारपणानं, वयानं, मुलांच्या आग्रहानं उतरून गेले होते. पण कायमचं जातो असं कुणी म्हणालं नव्हतं, नाव कुणी काढून घेतलं नव्हतं. किल्ली किनुएच्या हातात दिली होती. यंत्र शिकायला बसलं तेव्हा त्या अंगणांतून ओकाबेंच्या बुटांत, मित्सुच्या सपातांत एकच म्हातारी चालत होती. यंत्रानं तिला ओकाबे म्हटलं, मित्सु म्हटलं. कागदावरची नावं आणि जमिनीतली पावलं जुळली, त्यामुळे खाली कुणी काही विचारलं नाही.

त्सुदा-सान दुसऱ्या दिवशी एक लांबलचक मुळा घेऊन शाळेत आले. मुळा टेबलावर ठेवला, टोपी काढली. 'मगदूम' हे नाव त्यांच्या तोंडी लांबायचं.

"मागुदूमु-सान, काल किनुए-सानबरोबर फिरलात म्हणे."

"फिरले."

"आठ माणसं आहेत आमच्यात."

"त्सुदा-सान, मी सहा वेळा एकच बाई ऐकली."

"कान तीक्ष्ण आहेत तुमचे." त्यांनी खिन्नपणे मान हलवली. "वयानं जातील."

प्रणिताला हसू आलं. ते मात्र हसले नाहीत. "आम्हा दोघांना ठाऊक आहे. पडद्यावर आमची नावं बघायला गेलो होतो एकदा, तेव्हा ओकाबेही चालताना दिसला. मी त्याला स्वतः बसमध्ये बसवलं होतं. तिला ठाऊक नाही. तिला सांगू नका. फार सरळ बाई आहे, ऐकलं की दुसऱ्या दिवसापासून पाऊल टाकणार नाही. मग सातवा मजला. माझ्या बायकोला लिफ्टची भीती वाटते."

"आणि खोट्या आकड्याखाली सही मी करायची?"

"तुमच्याकडे म्हातारी माणसं कशी मोजतात?"

प्रणिताच्या घरी मोजायला एकच होती.

तिनं मुळा ठेवून घेतला. किनुएला काही सांगितलं नाही, आणि सही करायला अजून सोळा-सतरा दिवस आहेत अशी स्वतःची समजूत घातली. रोज सकाळी ती पडद्यापुढे बसून त्या एका बाईचं सहा नावांनी चालणं ऐकायची. नऊला ओकाबे, नऊ वीसला मित्सु. पुढे पुढे तिला त्याची इतकी सवय झाली की नोगुची-बाईंचा दिवस आहे की नोगुचींचा, हे ती आदल्या रात्रीच मनाशी ठरवून झोपायची.

अठ्ठावीस तारखेला गुरुवार होता. त्या आठवड्यात ऊन पडायला लागलं होतं, म्हणून किनुए सकाळची फेरी संपल्यावर छपरांखालचा बर्फ पुन्हा काढायला जायची. दुकानाची गाडी लवकर आली. प्रणिता कांदे, रॉकेल आणि आठवड्याचा पाव घेऊन परतली तेव्हा पडद्यावर एक ओळ येऊन गेलेली होती.

'ओकाबे: पडले. हालचाल नाही. नातेवाइकास कळवले.' आणि खाली, दोन मिनिटांनी नातेवाइकाचं उत्तर: 'चुकीची सूचना. वडील इथेच जेवत आहेत. कृपया यंत्र तपासावे.' त्या उत्तरानं सूचना बंद झाली होती. किनुए ओचिआईच्या नावापुढे हिरवा ठिपका होता: घरी, विश्रांती.

ओळ येऊन बावीस मिनिटं झाली होती.

कांदे जिन्यावरून गडगडत गेले. प्रणिता धावली. बर्फात धावणं म्हणजे काय हे इचलकरंजीच्या बाईनं काय सांगावं. ती दोनदा पडली, त्यातली एकही सूचना कुणाला गेली नाही, कारण तिचं नाव यादीत नव्हतं. ओकाबेंच्या अंगणात छपरावरचा बर्फ सरकून खाली आला होता आणि त्यातून एक निळं जाकीट दिसत होतं. तिनं हातांनी बर्फ उपसला. त्सुदा-सानना हाका मारल्या, मराठीत.

किनुएचे ओठ पांढरे पडले होते. डोळे उघडे.

"ओकाबेंचा एक बूट आत अडकलाय," ती पुटपुटली. "तो आधी काढा."

हाड मोडलं नव्हतं. घसरगाडीवरून तिला घरी नेलं, पडद्यावरच्या नर्सनं पाय हलवायला लावले, गरम पाण्याच्या पिशव्या ठेवायला सांगितल्या, दोन दिवस उठायचं नाही म्हणाली. डाव्या मांडीवर केवढं तरी काळंनिळं झालं होतं. अजून अर्धा तास गेला असता तर, असं म्हणून नर्सनं वाक्य अर्धंच सोडलं.

त्या संध्याकाळी प्रणितानं आईला फोन केला.

"आज काय बाई आपणहून?"

"सहज. आज जिन्यावरून किती वेळा गेलीस?"

"येकदाच. गुडघा धरलाय. का गं, रडतीस काय?"

"नाही. सर्दी झालीय."

"मग सुंठ घे. न्हाई मिळत तिकडं? कसला देश तो."

तीस तारखेला सकाळी किनुए अंथरुणात उठून बसली आणि मोजे घालायला लागली. "दोन दिवस घरं बंद आहेत," म्हणाली. "मित्सुच्या मागच्या खोलीला ओल येते."

मग प्रणितानं तिला सगळं सांगितलं. जपानी भाषेत तिला आदरानं बोलायला जमायचं, पण अवघड गोष्ट आदरानं बोलायला जमायची नाही. त्यामुळे ती धोंडे टाकल्यासारखी बोलत गेली. काचेचा तंतू, आठ नावं, सहा चाली, सात हा आकडा. किनुए मोजा हातात धरून ऐकत होती. तिचं तोंड अगदी संत्र्याएवढं लहान झालं होतं.

"म्हणजे मी पडले तेव्हा ओकाबे पडले असं वाटलं?"

"हो."

"आणि त्यांच्या मुलाला कळवलं?"

"हो."

"गुरुवारी? कामाच्या दिवशी?"

"हो."

किनुएनं दोन्ही तळहातांनी तोंड झाकून घेतलं. "केवढा त्रास दिला मी त्याला."

"किनुए-सान, तुम्ही मेला असतात!"

"ते वेगळं." मग हात काढून म्हणाली, "घर सांभाळ म्हणाले होते ते. त्यांच्या जागी चाल असं कुणी म्हणालं नव्हतं. न विचारता मी पाच जणांच्या नावानं चालले. कितीदा अंगणात थुंकलेही असेन."

"आता असं आहे," प्रणिता म्हणाली. "तुम्ही पूर्वीसारख्या चालत राहिलात तर वस्ती राहील. पण पडलात तर यंत्र भलत्याच्या घरी फोन करणार. आणि तुमची एकटीची चाल यंत्राला शिकवली तर ते तुम्हाला नीट सांभाळेल. पण मग आकडा तीन."

"आणि तीन म्हणजे सातवा मजला."

"हो."

"पूर्वीसारखी चालले आणि पुन्हा पडले, तर तुम्ही याल धावत?"

"मी एप्रिलअखेरपर्यंत आहे."

"नंतर?"

"मुदत वाढवून घेते. देतात वाढवून. इथे यायला दुसरं कुणी तयार नसतं."

किनुएनं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुमची आई आहे ना?"

"आहे."

"मग असं बोलायचं नाही, बाई." तिनं मोजा चढवला. "मी अठ्ठ्याऐंशीची होईन ऑगस्टमध्ये. या वयात सहा जणांचं जगायला जमत नाही. एकाचंच होतं कसंबसं. उद्या तुम्ही खरं तेच लिहा."

"त्सुदा-सानना काय सांगायचं?"

"मी सांगते. मी त्यांच्या आईला ओळखत होते, मला काही बोलायचे नाहीत."

ते काही बोललेही नाहीत. एकतीस तारखेला सकाळी ते शाळेसमोरचा बर्फ काढताना दिसले. प्रणिताला पाहून त्यांनी टोपी काढली, वाकून नमस्कार केला. "बायकोला आजपासून स्टुलावर चढवून उतरवतोय," ते म्हणाले. "सवय व्हायला हवी."

दुपारी किनुए आपल्या स्वतःच्या रबरी बुटांत घराबाहेर पडली. पाय ओढत होती. ओकाबेंच्या पुढच्या दारापर्यंत गेली, आत न जाता वाकली, पुढे निघाली. मित्सुच्या दारापुढे वाकली. सेकिने मास्तरांच्या, नोगुचींच्या. पडद्यावर पहिल्यांदाच एकच ठिपका सगळ्या वस्तीतून चालत गेला, आणि त्याच्यापुढे एकच नाव होतं. मग ती शाळेत आली, शेगडीजवळ बसली, बूट वाळत घातले.

"दिसले का मी?"

"दिसलात. स्पष्ट."

चारची घंटा वाजली. तीन दिवस भरले तसा यंत्रानं आपला नियम पाळला. 'ओकाबे: तीन दिवस पाऊल नाही. नातेवाइकास कळवले.' 'सेकिने: तीन दिवस पाऊल नाही.' 'नोगुची, श्री.' 'नोगुची, श्रीमती.' 'ताकेउची, मित्सु.' दूर दूरच्या शहरांत फोन वाजत असणार. दोघी पडद्याकडे बघत बसल्या. ओकाबेंच्या मुलानं अर्ध्या मिनिटात 'चुकीची सूचना' दाबलं. नोगुचींच्या मुलीनं दोन्ही एकदम दाबली. सेकिने मास्तरांच्या पुतण्यानं चार मिनिटं घेतली. बहुधा दुपारच्या झोपेत असावा. यंत्रानं एकेक नाव करडं केलं.

मित्सुचं उत्तर आलं नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी प्रणितानं अर्ज उघडला, 'चालणाऱ्या व्यक्ती' या चौकटीत तीन लिहिलं आणि सही केली. अर्ज गेला. रविवार असूनही खाली कुणीतरी तो लगेच स्वीकारला, कारण 'मिळाला, आभारी आहोत' असं उत्तर आलं.

"झालं?" किनुएनं विचारलं.

"झालं."

"चहा घेऊ या मग."

पाणी ठेवलं आणि शाळेचा फोन वाजला. तो फोन वाजतो हेच प्रणिताला माहीत नव्हतं. पलीकडे एक म्हातारा, धापा टाकणारा, खोलीभर ऐकू येणारा आवाज.

"ऐकायचं केंद्र ना? मी मित्सु ताकेउची. माझी पावलं थांबली म्हणून निरोप आला."

प्रणितानं यादी पाहिली. नातेवाइकाच्या रकान्यात मित्सुनं स्वतःचाच नंबर लिहिला होता. दुसरा लिहायला नसावा.

"ताकेउची-सान, ती चुकीची सूचना होती. माफ करा. तुम्ही..."

"मी समुद्राकाठच्या वृद्धाश्रमात आहे, मला ठाऊक आहे मी कुठे आहे," आवाज म्हणाला. "अंथरुणावरच असते. ते नाही विचारत. किनुए बरी आहे ना?"

प्रणितानं किनुएकडे पाहिलं. किनुएचा हात किटलीवर तसाच राहिला होता.

"इथल्या कामाच्या मुलीनं तुमचा तो ठिपक्यांचा पडदा मला टॅबवर लावून दिलाय," मित्सु सांगत होती. "रोज नऊ वीसला मी माझ्या अंगणात येते. पर्सिमनच्या झाडापर्यंत जाते, परत येते. मग मी नाश्ता करते. तीन दिवस आलेच नाही. विचारायला कुणाचा नंबर नव्हता, आज त्या निरोपाखाली हा मिळाला. मला वाटलं किनुए गेली."

किनुए फोनजवळ येऊन वाकली. "मित्सु."

पलीकडे खाट करकरली.

"मित्सु, तुला माहीत होतं?"

"तू माझ्या सपाता घातल्यास ते मला कळणार नाही? सपाता चौथीपासून तू माझ्याच घालायचीस."

"मी न विचारता चालले. चुकलं माझं. आज मी सगळ्यांच्या दारात जाऊन माफी मागितली."

"माझ्या दारात कशाला मागितलीस? मी तिथे होते का?" आवाज चिरकला. "पाय बरा आहे का तुझा?"

"बरा आहे."

"खोटं बोलतेस."

"जरासा दुखतो."

फोनमध्ये कुठलं तरी टीव्हीचं गाणं आणि भांड्यांचा आवाज येत होता. किनुएनं किटली खाली ठेवली. शेगडीजवळचे बूट उचलले, अजून ओलेच होते, त्यात पाय घातले आणि ती निघून गेली.

"गेली का?" मित्सुनं विचारलं.

"बाहेर गेल्या आहेत," प्रणिता म्हणाली. "फोन ठेवू नका."

"मी कशाला ठेवतेय?"

खिडकीतून किनुए रस्त्यानं जाताना दिसली, मग दिसेनाशी झाली. प्रणिता फोन कानाला लावून पडद्यापुढे बसली. पलीकडचा श्वास ऐकू येत होता. पुढच्या दाराशी रबरी बूट थांबले. नंतर बराच वेळ काही नाही; घरात झडपा उघडल्या जात असणार. मित्सुचं करडं नाव एकदा लुकलुकलं आणि हिरवं झालं. वरच्या कोपऱ्यातला आकडा तीनचा चार झाला. अर्ज केव्हाच खाली पोचला होता, आता त्या आकड्यानं कुणाचंच काही होणार नव्हतं.

लाकडी तळ वाजला. डावा पाय, थांबणं, उजवा.

"बघा," फोनवर मित्सु म्हणाली, अगदी हळू, शेजारचं कुणी ऐकेल अशा भीतीनं. "निघाले मी."

"हो. दिसताय."

ठिपका झाडाच्या दिशेनं चालला होता, वाटेत दर चार पावलांवर विसावा घेत.

"आज जरा लंगडतेय," मित्सु म्हणाली. "थंडी फार आहे ना तिकडे."